तीन हजार सहाशे पन्नास दिवस

फोन वाजला तेव्हा तो खिडकीशी उभा राहून चष्मा पुसत होता. सकाळचे दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, आणि झटकण्याचा आवाज हात खाली आल्यानंतर अर्ध्या क्षणानं ऐकू येत होता. त्या अर्ध्या क्षणात त्याला वाटून गेलं की आपलं काहीतरी राहिलंय. तसं ते गेला महिनाभर रोजच वाटत होतं; दात घासताना, जिना चढताना, आईच्या गोळ्या डबीत भरताना. त्यानं चष्मा न घालताच फोन उचलला. खालच्या मजल्यावरच्या नियंत्रण कक्षातल्या पाळीप्रमुख बाई होत्या. दिवसभर रडणाऱ्या, किंचाळणाऱ्या माणसांशी बोलून बोलून त्यांचा आवाज एखाद्या उशीसारखा मऊ आणि सपाट झाला होता. आज तो सपाट नव्हता.

“सर, टॅब गेले.”

“किती?”

“सगळेच की हो. एकेचाळीसच्या एकेचाळीस. लाल चौकट येतेय, जोडणी सुरक्षित नाही म्हणून. ड्रायव्हर लोकांना आम्ही फोनवरून पत्ते सांगतोय. तुम्ही बघताय ना?”

“बघतो,” तो म्हणाला, आणि बघण्याआधीच त्याला कळलं होतं. कळलं म्हणजे डोक्याला नव्हे, हातांना. मोकळा हात कळफलकाकडे गेला होता.

शहरातल्या एकेचाळीस रुग्णवाहिकांमध्ये ड्रायव्हरसमोर एकेक टॅब बसवलेला होता. कुठे जायचं, कुठल्या रस्त्यानं, पेशंटचं वय काय, झालंय काय, सगळं त्यावर यायचं. कुणी भलत्यानं मध्येच खोटा पत्ता घुसवू नये म्हणून टॅब आधी सर्व्हरला विचारायचा, तू तूच आहेस ना? सर्व्हर मग आपलं प्रमाणपत्र पुढे करायचा. त्या प्रमाणपत्रावर सही मधल्या प्रमाणपत्राची, मधल्यावर सही मूळ किल्लीची. मुलगा, बाप, आजोबा. आजोबांना प्रत्येक टॅब ओळखत होता, म्हणून बापाला आणि बापामुळे मुलाला. ही वंशावळ सांभाळणं हे त्याचं काम. ऑफिसात त्याला किल्लेदार म्हणत. हे नाव त्याच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी, ताईंनी पाडलं होतं, तो नवा नवा लागला तेव्हा. “किल्ल्या सांभाळतो तो किल्लेदार. किल्ला काही आपल्या नशिबात नाही,” असं म्हणून त्या खो खो हसल्या होत्या. त्या नोकरी सोडून गेल्यावरही नाव राहिलं. कुणी हाक मारली की त्या हसण्याचा एक तुकडा हाकेबरोबर यायचा, आणि तो मान वर करण्याआधी एकदा चष्मा नीट करायचा. ही सवय कुणाच्या लक्षात आली नव्हती.

संगणकाच्या काळ्या खिडकीत त्यानं ओळ टंकली. प्रमाणपत्राला त्याच्या तारखा विचारणारी साधी ओळ. मुलगा ठीक होता, पुढल्या वर्षापर्यंत. आजोबांना अजून दहा वर्षं होती. बापाच्या नावापुढे आजची तारीख होती आणि वेळ दहा चाळीस. त्या रकान्याचं नाव ‘याच्यानंतर नाही’ अशा अर्थाचं आहे. हजारो वेळा बघितलेलं ते नाव आज त्याला पहिल्यांदा वाचल्यासारखं वाटलं. याच्यानंतर नाही. आज मंगळवार होता, आणि त्याच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र गुरुवारी संपणार होतं. गुरुवार त्याला तोंडपाठ होता. महिन्यापूर्वी कॅलेंडरनं त्याला आठवण केली तेव्हा त्यानं ती एक आठवडा पुढे ढकलली, मग आणखी एक, मग चार दिवस, मग एकेक दिवस. एकदाही त्यानं ही साधी ओळ टंकून खरी तारीख बघितली नाही. टंकायला दहा सेकंद लागतात. पण टंकली असती तर पुढचं काम करावं लागलं असतं, आणि पुढचं काम म्हणजे ताई.

दहा वर्षांपूर्वी तो शनिवार होता. मागच्या अंगाला एक सामानाची खोली होती, तिथे मोडक्या खुर्च्या, जुने फोन आणि एक लोखंडी कपाट. त्या कपाटातला लॅपटॉप कधीच कुठल्या जाळ्याला जोडायचा नव्हता. ताईंनी त्याच्या केबलच्या भोकात गोंद ओतून तो वाळेपर्यंत फुंकर मारली होती, लहान मुलाच्या जखमेवर मारतात तशी. मूळ किल्ली त्यात तयार झाली. तिचा परवलीचा शब्द दोघांत अर्धा अर्धा. आधी त्यानं आपला अर्धा टंकला, ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या. मग त्यांनी त्यांचा, तो भिंतीकडे. कागदावर लिहायचं नाही, लिफाफ्यात ठेवायचं नाही, स्वप्नातसुद्धा बडबडायचं नाही. मग त्या मूळ किल्लीनं मधल्या प्रमाणपत्रावर सही करायची होती, आणि किती दिवसांसाठी हे तिथे आकड्यात सांगावं लागतं. त्यानं तीन हजार सहाशे पन्नास लिहिलं. दहा गुणिले तीनशे पासष्ट. ताई मागून वाकून बघत होत्या. “लीप वर्षं धरलीस का रे?” असं त्या म्हणाल्या होत्या का? की हे त्याच्या मनानं आज, आत्ता, फोन ठेवल्यानंतर तयार केलं? त्याला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, आपलं उत्तरही: “दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, ताई? दहा वर्षांनी आपण कुठे असू!” पण गेल्या सहा वर्षांत ताईंची इतकी वाक्यं त्यानं मनात बोलून घेतली होती, की खरी कुठली आणि आपण त्यांच्या तोंडी घातलेली कुठली, हे आता वेगळं करता येत नव्हतं.

साहेब दार न वाजवता आत आले. “किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं. त्यांच्या मागून, उघड्या दारातून, जिन्यातून खालचे आवाज वर येत होते. “डावीकडे, डावीकडे, औषधाच्या दुकानानंतर डावीकडे.” “नाही हो, दुसरा मजला.” “परत सांगा, ऐकू येत नाही.”

“काम दहा मिनिटांचं आहे,” तो म्हणाला. “पण मूळ किल्ली उघडायला लागेल. तिचा अर्धा शब्द ताईंकडे आहे.”

“कुठल्या ताई?” साहेब म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. “त्या? त्यांना नोकरी सोडून सहा वर्षं झाली. शब्द बदलला नव्हता? तुम्ही मला म्हणाला होतात, बदलून घेतो.”

“बदलायलाही दोघं लागतात. राहून गेलं.”

“राहून गेलं,” साहेबांनी ते शब्द त्याच्या हातात परत दिल्यासारखे उच्चारले. “लावा फोन.”

फोन लागला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तो उठला आणि खाली टॅक्सीकडे निघाला. जाताना नियंत्रण कक्षाच्या काचेतून त्याला पाळीप्रमुख बाई दिसल्या; एका कानाला एक रिसीव्हर, दुसऱ्याला दुसरा, आणि समोरच्या कागदावर मोठ्या अक्षरात रस्त्यांची नावं. बाई ओरडत होत्या, “गाडी सतरा, तुम्ही कुठल्या गल्लीत शिरलात? त्याच नावाच्या दोन गल्ल्या आहेत, नदीकडची, नदीकडची!” त्यानं थांबून ऐकलं नाही. टॅक्सीत बसेपर्यंत ते ‘नदीकडची’ त्याच्या कानात टाचणीसारखं टोचत राहिलं.

सहा वर्षांपूर्वीचा प्रसंग त्यानं कुणाला सांगितला असता तर ऐकणारा म्हणाला असता, एवढंच? एवढंच होतं. सर्व्हरची खाजगी किल्ली असलेली एक फाइल एका दुपारी सगळ्या ऑफिसला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये पडलेली सापडली. कुणीही उघडावी, कुणीही उचलावी. कुणी उचलली नव्हती, पण ते दैव. किल्ली बदलली, प्रमाणपत्र बदललं, आणि चौकशी लागली. नोंदीत इतकंच होतं की चार वाजून पन्नास मिनिटांनी सामानाच्या खोलीतल्या संगणकावरून, दोघं मिळून वापरायचे त्या नावानं, फाइल तिथे ठेवली गेली. त्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला घरी आणायचं होतं. त्यानं घाईघाईत किल्लीची प्रत काढली, ती चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवली, बाकीच्यांना ती उघडता येऊ नये म्हणून परवानग्या आवळायची ओळ उद्या टंकू म्हणून ठेवून दिली, आणि पाचला पाच कमी असताना बाहेर पडला. त्याला आठवत होतं. जिन्यातून उतरतानाचा हातातला छत्रीचा दांडासुद्धा आठवत होता. चौकशीत तिघं बसले होते आणि त्यांच्यातल्या एकानं आधी ताईंना विचारलं. ताई खूप वेळ विचार करत राहिल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं, आणि ‘मी नाही’ म्हणायला त्यांना खात्री हवी होती. “मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “पण शेवटी खोलीत मीच होते. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. मीच केलं असेल.” मग त्याला विचारलं, “तुमचं काय?” तो म्हणाला, “मी लवकर गेलो होतो. आईचं ऑपरेशन होतं.” दोन्ही वाक्यं खरी. अशी दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्या मधून एक खोटं आपोआप बाहेर येतं, हे त्याला तेव्हा, ते बोलता बोलताच कळलं होतं. ताईंची बदली जुन्या कागदपत्रांच्या विभागात झाली. चार महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. त्यांची खुर्ची त्याला मिळाली. खुर्ची त्याला जरा उंच होती, म्हणून त्यानं ती खाली केली.

आई अजून विचारायची. “त्या तुझ्या ताई येत नाहीत का रे हल्ली? मला दवाखान्यात सफरचंदं घेऊन आल्या होत्या बघ.” तो म्हणायचा, “कामात असतात.”

ताई आता जिथे काम करत ते त्यांच्या धाकट्या भावाचं चष्म्याचं दुकान होतं, अरुंद आणि लांब, दोन्ही बाजूंना आरसे. आत शिरताच त्याला स्वतःचे सात-आठ चेहरे दिसले, सगळे घामेजलेले. ताई मागच्या टोकाला काचा घासायच्या चाकाशी बसल्या होत्या, अंगात निळा एप्रन, नाकावर पावडरीसारखी काचेची धूळ. केस पांढरे झाले होते. समोर एक आजोबा स्टुलावर वाट बघत होते. ताईंनी मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, आणि चाकाचं बटण बंद केलं नाही.

“बस,” त्या म्हणाल्या. “दोन मिनिटं. यांचा चष्मा देते.”

त्याला बसवेना. आजोबांनी चष्मा लावला, भिंतीवरची अक्षरं वाचली, एक अक्षर चुकलं, ताईंनी चष्मा काढून दांडी किंचित वाकवली, पुन्हा लावली, आजोबांनी वाचलं. हे सगळं चाललं असताना त्याच्या डोक्यात गाडी सतरा नदीकडच्या गल्लीऐवजी दुसऱ्याच गल्लीतून मागे येत होती. आजोबा गेल्यावर त्यानं तोंड उघडलं, पण ताईच म्हणाल्या, “दहा चाळीसला गेलं ना?”

“तुम्हाला कसं...”

“मी मोजलं होतं. पत्र टाकलं होतं मी तुला. वीस दिवस झाले. मिळालं नाही का?”

मिळालं होतं. पांढरा लिफाफा, वर ताईंचं तिरकं अक्षर. त्यानं तो टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या चार्जरांच्या खाली ठेवला होता. त्यात काय असेल याचे शंभर मजकूर त्यानं रचले होते. प्रत्येकाची सुरुवात ‘तू होतास ना’ अशी.

“मिळालं,” तो म्हणाला. “उघडलं नाही.”

ताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “का?” तो आरशाकडे बघू लागला. “एक ओळ होती रे आत. तीन हजार सहाशे पन्नास दिवस म्हणजे दहा वर्षं नव्हेत, दोन दिवस आधी, मंगळवारी संपतंय, कधी येऊ सांग. बस.” त्यांनी एप्रनची गाठ सोडली, काचेची धूळ झटकली आणि मागे वळून आतल्या भावाला हाक मारली, “मी जाऊन येते रे.” मग त्याला म्हणाल्या, “गाड्या चालू आहेत ना?”

“फोनवरून.”

“चल मग. उभा काय राहिलास?”

टॅक्सीत त्या खिडकीकडे बसल्या. त्यांच्या कपड्यांना तेलाचा आणि तापलेल्या काचेचा वास येत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, “आई कशी आहे?” तो म्हणाला, “बरी आहे. तुमची आठवण काढते.” यावर त्या हसल्या, आणि त्याला वाटलं दार उघडून उतरावं आणि चालत सुटावं. त्यानं मनाशी ठरवलं होतं: आधी काम होऊ दे. गाड्या सुरू होऊ देत. मग, संध्याकाळी, सोडायला जाताना सांगू. आत्ता सांगितलं आणि त्या उठून निघून गेल्या तर? एकेचाळीस गाड्या आहेत. हे काय आपल्या मनाचं ओझं उतरवायचं ठिकाण आहे? हा विचार इतका शहाणा, इतका जबाबदार होता की त्याला त्याचीच किळस आली. सहा वर्षं तो असेच शहाणे विचार करत आला होता. आधी त्यांची बदली पचू दे. आधी त्यांना दुसरं काम मिळू दे. आधी आईचा दुसरा डोळा होऊ दे.

सामानाची खोली तशीच होती, खुर्च्या तेवढ्या वाढल्या होत्या. साहेब दारापर्यंत आले, “या मॅडम, बरं झालं आलात,” म्हणाले आणि नियमाप्रमाणे बाहेर थांबले. त्यानं लॅपटॉप काढला, धूळ पुसली, चालू केला. ताईंनी न सांगता भिंतीकडे तोंड केलं. त्यानं आपला अर्धा शब्द टंकला. मग तो उठला, त्या बसल्या, आणि तो भिंतीकडे वळला. भिंतीवर ओलीचा एक डाग होता. मागे कळा वाजल्या, सावकाश, एका सुरात, आणि मग थांबल्या. ताई म्हणाल्या, “घेत नाही.”

“पुन्हा करू.” त्यानं पुन्हा आपला अर्धा टंकला, पुन्हा भिंत, पुन्हा कळा. या वेळी त्या मध्येच अडखळल्या, एक कळ दोनदा वाजली, मागे जायची कळ वाजली. “किल्ली उघडली नाही,” ताईंनी पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. खालून कुणीतरी ओरडलं, “गाडी नऊ कुठाय?” साहेबांनी दारावर बोटानं टकटक केली. “झालं का?”

“होतंय,” तो म्हणाला.

“नाही होत,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “मला वाटलं होतं मला पाठ आहे. रोज रात्री म्हणते मी मनात, झोपायच्या आधी. पण माझं काही खरं नाही रे. मला आठवतंय असं वाटतं ते मी केलेलं नसतं, आणि जे आठवत नाही ते मीच करून ठेवलेलं असतं. तुला तर माहीतच आहे. दुकानाचं कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत जाते मी. रोज. भाऊ चिडतो. काचेचा नंबर तीन तीनदा तपासते. त्या फाइलपासून हे असं सुरू झालंय.”

भिंतीवरचा डाग त्याच्या डोळ्यांसमोर स्थिर होता. त्याला वाटलं होतं ताईंना संशय आहे. सहा वर्षं तो त्या संशयापासून पळत होता. त्यानं कल्पलेलं पत्रातलं ‘तू होतास ना’ ही त्याच्या भीतीची सगळ्यात दूरची हद्द होती. ताईंनी त्याच्यावर संशय घेतलाच नव्हता, त्यांनी तो स्वतःवर घेतला होता, हे त्याच्या मनाला कधी शिवलंही नव्हतं. त्यानं त्यांची खुर्ची घेतली, एवढंच तो समजत होता.

“ताई,” तो भिंतीला म्हणाला, “तुम्ही नव्हतं केलं ते. मी केलं होतं. आईला आणायला जायचं होतं म्हणून घाईत. चार पन्नासला. मला तेव्हाही माहीत होतं, चौकशीतही माहीत होतं.”

मागे खुर्ची सरकली.

“परत सांग,” ताई म्हणाल्या.

त्यानं परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना शब्द कमी लागले आणि जड झाले.

“माझी डोकेदुखी खरी होती ना?” त्यांनी विचारलं.

“होती. गोळी मीच आणून दिली होती.”

“आणि मी फाइलला हात लावला नव्हता.”

“नाही.”

दार उघडलं आणि बंद झालं. तो वळला तेव्हा खोली रिकामी होती. साहेब आत डोकावले. “काय झालं? त्या कुठे चालल्या?” बाहेर लांब कॉरिडॉरच्या टोकाशी ताई खिडकीला लागून उभ्या होत्या, पाठमोऱ्या. त्यानं घड्याळ बघितलं. बारा चाळीस. साहेब हळू आवाजात म्हणाले, “मी बोलू का त्यांच्याशी?” तो म्हणाला, “नको.” त्याला त्यांच्या मागे जायचा हक्क नव्हता आणि त्यांना बोलवायचाही नव्हता. तो जिन्याशी उभा राहिला. खालून पत्ते येत होते, एकामागून एक. शाळेमागची इमारत, पाण्याच्या टाकीजवळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक पत्त्यात कुणीतरी वाट बघत होतं. पाळीप्रमुख बाई वर आल्या, दोन पायऱ्या खाली थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, गाडी सतरा मघाशी पोचली होती. चौदा मिनिटं उशिरा. दम्याचा पेशंट होता, बाई आहे, ऑक्सिजन लावून नेलं. आता दवाखान्यात आहे. वाचेल म्हणतात.” त्या खाली गेल्या. त्याला हायसं वाटलं नाही. ‘म्हणतात’ हा शब्द पायरीवरच राहिला.

वीस मिनिटांनी ताई परत आल्या. डोळे कोरडे होते, पण नाकावरची काचेची धूळ पुसली गेली होती. “टंक तुझा अर्धा,” त्या म्हणाल्या. त्यानं टंकला आणि सवयीनं भिंतीकडे वळू लागला.

“नको,” ताई म्हणाल्या. “भिंतीकडे नको बघूस. इकडे बघ.”

“नियम आहे, ताई.”

“इकडे बघ म्हणते ना.”

तो बघत राहिला. कळांकडे नव्हे, कारण त्या कळांकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत टंकत होत्या, न थांबता, न अडखळता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, मोठा, स्वच्छ राग, जो त्यांचा होता आणि त्याच्यापायी सहा वर्षं त्यांना मिळाला नव्हता. किल्ली उघडली.

“किती दिवस?” सहीची ओळ अर्धी टंकून त्यानं विचारलं.

“एक वर्ष. आणि माझा अर्धा शब्द आत्ताच बदल. पुढच्या वेळी मी येणार नाही.”

त्यानं सही केली, नवं प्रमाणपत्र पेनड्राइव्हवर घेतलं, सर्व्हरवर चढवलं. एक वाजून बावीस मिनिटांनी खालून आवाज यायचे थांबले. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. फक्त ओरडणं थांबलं आणि पंख्यांचा आवाज ऐकू आला. साहेबांनी आपल्या अर्ध्या शब्दासाठी खुर्ची ओढून घेतली. त्यांना काय लिहावं ते बराच वेळ सुचेना.

मग अहवाल. तो आजच वर जायला हवा होता. साहेब म्हणाले, “फार लांबण लावू नका. जुन्या काळची व्यवस्था, तांत्रिक कारण, दुरुस्ती केली. नावं कशाला?” तो म्हणाला, “नावं लागतील, साहेब. आणि सहा वर्षांपूर्वीचंही लिहायचंय.” साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या ताईंकडे बघितलं, आणि त्यांना काही कळलं असावं, कारण ते म्हणाले, “तुमची खुर्ची जाईल.” तो म्हणाला, “हो.” हे ‘हो’ सोपं गेलं याचीच त्याला भीती वाटली. आपण खरं बोललो, की फक्त कुलूप उघडत नव्हतं म्हणून तोंड उघडलं? ताईंनी पहिल्याच वेळी शब्द बरोबर टंकला असता, तर आत्ता आपण त्यांना टॅक्सीतून सोडायला निघालो असतो आणि वाटेत हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या, हे त्याला लख्ख दिसत होतं.

ताईंनाही ते दिसलं असावं. “अडलं होतं म्हणून सांगितलंस ना?” त्या म्हणाल्या.

“माहीत नाही.”

“मलाही नाही,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. “लिही. मी वाचून जाईन.”

त्यानं लिहिलं. लीप वर्षं न धरल्याचं, महिनाभर टाळल्याचं, न उघडलेल्या पत्राचं, गाडी सतराच्या चौदा मिनिटांचं. मग सहा वर्षांपूर्वीचं: तारीख, वेळ, फोल्डर, आणि कुणी ठेवलं. लिहून झाल्यावर त्यानं कागद छापून ताईंच्या हातात दिला. त्या उभ्यानं वाचू लागल्या, चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून. शेवटच्या परिच्छेदाशी त्या थांबल्या. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि दोन शब्दांखाली रेघ मारली.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “‘सदर फाइल माझ्याकडून अनवधानाने खुली राहिली व त्याबाबत चौकशीत सांगायचे राहून गेले.’ एका वाक्यात दोन गोष्टी आहेत, किल्लेदार. फाइल अनवधानाने राहिली. ते मला पटतं, घाई असते, आई असते. पण दुसरी?”

सहा वर्षांनी त्यांनी त्याला त्या नावानं हाक मारली होती, आणि नावात हसू नव्हतं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, पर्स खांद्याला लावली आणि त्या निघाल्या. जिन्यातून त्यांची पावलं खाली जाताना ऐकू येत राहिली, नियंत्रण कक्षावरून, फाटकापर्यंत. मग रस्त्याचा आवाज. सोडायला येऊ का, असं विचारायला तो उठला नाही.

तो पडद्याकडे वळला. त्यानं ते वाक्य मधोमध तोडलं. पहिल्या अर्ध्यानंतर पूर्णविराम दिला. दुसरा अर्धा ‘राहून गेले’पासून एकेक अक्षर करत मागे घेतला, आणि त्या जागी काय येतं ते त्याला माहीत असूनही बोटं थोडा वेळ कळांवर नुसती टेकून राहिली. मग त्यानं लिहिलं: ‘चौकशीत मला ठाऊक होते. मी जाणूनबुजून सांगितले नाही.’ पुन्हा एकदा वाचलं. खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.